‘सराव’ गटातले दोघे

आपल्या गावी, कोल्हारच्या थांब्यावर मैत्रेयी एसटीतून उतरली, आणि भेळेच्या गाडीपाशी गंधार उभा! विद्यापीठाच्या संगणक कक्षातला गंधार… इथं?

"मोटारसायकल पंक्चर झाली," तो पुटपुटला आणि एक पुडा तिच्यापुढं धरला. "घ्या ना."

"नको, मला भेळेत…"

"कांदा न्हाई टाकला, ताई," गाडीवाला छगन मधेच बोलला. "एसटी दिसली तवाच सायबांनी सांगितलं, त्यांच्या भेळेत कांदा नगं."

मैत्रेयी चमकली. कांद्याचं तिनं विद्यापीठात कुणालाच सांगितलं नव्हतं. फक्त एकदा लिहिलं होतं — ‘सराव’मध्ये.

विद्यापीठात कार्यालयीन निरोपांसाठी नवं चॅट सॉफ्टवेअर आलं, तेव्हा ते सगळ्यांना गंधारनंच शिकवलं होतं. ‘सराव’ नावाचा गट उघडून तो म्हणाला होता, "इथं काहीही लिहा, कुणी वाचत नाही." शिकून झाल्यावर एकेक जण गटातून बाहेर पडला. ग्रंथालयातली मैत्रेयी तेवढी राहिली, निदान तिला तसं वाटलं. मराठी टाईप करताना तिची बोटं अडखळायची. दुपारी वाचनकक्ष शांत झाला, की ती तिथं चार ओळी लिहायची. आधी उन्हाबद्दल. मग भेळेबद्दल. आणि मग… ‘संगणक कक्षातले गंधार बोलताना चष्मा काढतात. तेव्हा बघत राहावंसं वाटतं.’

"तुम्ही… अजून त्या गटात आहात?"

गंधारनं मान खाली घातली. "गट मी उघडलेला. मी बाहेर पडलो तर तो बंद होतो."

"मग व्हायचा बंद!"

"मग तुम्ही कुठं लिहिलं असतं?" सवयीनं त्यानं चष्मा काढला… आणि एकदम काहीतरी आठवून घाईघाईनं परत चढवला. वाकडाच. त्याचे कान लालबुंद झाले.

म्हणजे तेही वाचलं होतं! भेळ न घेताच मैत्रेयी वळली. घरापर्यंत तिला आपली एकेक ओळ आठवत होती, आणि दर ओळीला ती ओढणी आणखी पुढं ओढत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं ‘सराव’ उघडला तो कायमचं बाहेर पडायलाच. पण तिथं गंधारच्या ओळी होत्या. पहिल्यांदाच.

‘पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. फार लाज वाटते. आता माझंही वाचा, म्हणजे दोघं सारखे. ग्रंथालयातून नेलेलं एकही पुस्तक मी वाचलेलं नाही. परत करायला यायला मिळतं, म्हणून नेतो. आणि काल मोटारसायकल पंक्चर नव्हती.’

तिचे गाल तापले. मग तिनं अडखळत लिहिलं, ‘आज पुस्तक घेऊन या. त्यात काय आहे ते विचारणार आहे.’

थोड्याच वेळात वाचनकक्षाच्या दारात गंधार आला. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात चष्मा. दोन पावलं टाकली आणि दाराजवळची खुर्ची धाडकन आडवी! वाचणारी सगळी डोकी वर झाली.

"अहो, घाला तो," मैत्रेयी हसू दाबत कुजबुजली.

"पण मग तुम्ही…"

तिनं नजर खाली वळवली. पुन्हा वर आणली.

"बघेन की. तसंही."