शेवटच्या भोंग्याचा आवाज

सूतगिरणीचा भोंगा इतका खणखणीत वाजला होता की आजूबाजूच्या पत्र्यांवरची कबुतरं उडून गेली. मग शाळेच्या ध्वनिकक्षात तोच आवाज लावल्यावर फुटका आणि खरखरीत का ऐकू येत होता?

जुईलीने तो पुन्हा पुन्हा लावून पाहिला. शेवटी तिने हेडफोन काढले. तिचे डोळे भरून आले होते.

इचलकरंजीतली ही शाळा चंद्रावरच्या वसाहतीतल्या मुलांसाठी ‘आमच्या गावाची सकाळ’ नावाचा ध्वनिचित्रपट तयार करत होती. तिथे जन्मलेल्या त्या मुलांनी पृथ्वी फक्त काळ्या आकाशात लटकलेली पाहिली होती. जुन्या सूतगिरणीच्या जागी आता प्रयोगशाळा होणार होती, म्हणून आज सकाळी भोंगा शेवटचा वाजला. पुन्हा तो वाजणार नव्हता.

दारात उभ्या असलेल्या शलाकाला आनंद झाला. हो, आनंदच! ध्वनिसंपादन (रेकॉर्ड केलेला आवाज कापणं, जोडणं, सुधारणं) जुईलीला तिनेच शिकवलं होतं. तरी कोष्टी सरांनी ध्वनिप्रमुख केलं ते जुईलीला. तेव्हापासून शलाका जुईलीवर जळत होती. सगळी मुलं सकाळी गिरणीवर गेली, पण ही रुसून घरच्या गच्चीवरच बसली. मात्र तिने स्वतःचा रेकॉर्डर चालू ठेवला होता. ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

“कानसेन, हे दुरुस्त कर ना,” जुईली म्हणाली.

कानसेन म्हणजे ध्वनिकक्षातला यंत्रमानव. त्याने पडद्यावर आवाजाचा आलेख काढला. डोंगररांगेसारखा दिसायला हवा होता तो, पण सगळ्या डोंगरांचे माथे करवतीने कापल्यासारखे सपाट होते.

“आवाज म्हणजे हवेची थरथर,” कानसेन सांगू लागला. “मायक्रोफोन तिचं विजेच्या थरथरीत रूपांतर करतो. संगणक ती थरथर एका सेकंदात हजारो वेळा मोजतो. या प्रत्येक मापाला म्हणतात नमुना (त्या क्षणी थरथर किती होती ते सांगणारा आकडा). आता समज, तुला वर्गातल्या मुलांची उंची मोजायची आहे, पण पट्टी चार फुटांचीच आहे. पाच फुटांच्या मुलापुढे काय लिहिशील?”

“चारच. पट्टी तिथेच संपते.”

“तुझ्या रेकॉर्डरचं तेच झालं. भोंगा पट्टीबाहेर गेला, म्हणून त्याने प्रत्येक माथ्यावर तोच सर्वांत मोठा आकडा लिहिला. याला शिखरछेद (आवाजाचे माथे कापले जाणं) म्हणतात. खरे आकडे लिहिलेच गेले नाहीत, तर मी ते आणू कुठून?”

“आणि आवाज हळू असता तर?”

“तर डोंगर बुटके दिसले असते, पण शाबूत. सगळ्या आकड्यांना सारख्याच पटीने गुणलं की ते उंच होतात. मागची बारीक कुजबुजही त्याबरोबर वाढते, एवढंच. कुणी लांबून रेकॉर्ड केलं असेल का?”

शलाकाची मूठ खिशातल्या रेकॉर्डरवर आवळली गेली. गप्प बसायचं. उद्या सरांपुढे आपणच हा आवाज ठेवायचा. मग कळेल सगळ्यांना, खरी ध्वनिप्रमुख कोण ते!

जुईली स्वतःशीच पुटपुटली, “शलाका असती तर तिने आधी आवाजाची पातळी तपासायला लावली असती. मीच बोलवायला जायला हवं होतं. पण ती माझ्याशी बोलतच नाही.”

शलाकाला एकदम ओशाळल्यासारखं झालं. राग मात्र गेला नव्हता.

“माझ्याकडे आहे,” ती पुढे येत म्हणाली. “पण आवाजांचं मिश्रण मी करणार!”

जुईलीने दचकून वळून पाहिलं. मग खुर्ची सरकवली. “बस की. मी कधी नको म्हटलं?”

गच्चीवरचा भोंगा अगदी मंद होता. शलाकाने आकडे वाढवले. माथे शाबूत राहिले, मात्र त्याबरोबर कुत्र्याचं भुंकणं आणि कुणाच्या तरी घरचा मिक्सरही मोठा झाला. ती वैतागली. मग तिने जुईलीचे बाकीचे ध्वनिपट्टे (वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज) एकेक लावले: मागांची खटखट, गिरणीच्या फाटकात बायकांचं हसणं. ते इतके सुंदर होते की तिला पुन्हा हेवा वाटला. तरी तिने ते कापले नाहीत. भुंकणं आणि मिक्सर झाकायला भोंग्याच्या पाठोपाठ ते हसणं हळूच मोठं केलं.

“अजून थोडं उशिरा,” जुईली म्हणाली. शलाकाने करून पाहिलं. तसंच जास्त चांगलं वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात चंद्रावरून उत्तर आलं. नऊ वर्षांचा इरावत विचारत होता, “तो भोंगा लांब वाजतोय हे मला डोळे मिटूनही कळलं. इथे बाहेर हवा नाही, म्हणून लांबून आवाज येतच नाही. आमचे सगळे आवाज खोलीतलेच. लांबचे आणखी आवाज पाठवाल का?”

जुईलीने तो निरोप दोनदा ऐकला. “लांबचा आवाज तुझा होता,” ती म्हणाली. “मला हेवा वाटतोय तुझा.”

“वाटू दे थोडा,” शलाका हसली आणि तिने रेकॉर्डर उचलला. “चल, नदीवर जाऊ. पलीकडच्या काठावर कुणीतरी हाक मारत असेल.”