दोन साळवे, एक पार्सल

"साळवे मीच. पण हे माझं नाही."

दुकानाच्या दारात उभ्या राहिलेल्या त्या तरुणाकडे जयमाला साळवेनं पाहिलंच नाही. तिची नजर त्याच्या हातातल्या खोक्यावर होती. फोडलेल्या खोक्यावर.

"तुम्ही उघडलंत?"

"वर साळवे लिहिलं होतं, केडगाव लिहिलं होतं... मला वाटलं आईच्या कानाच्या मशीनचे सेल आले." तो ओशाळून हसला. "आत बघतो तर काळ्या पट्ट्या आणि वायरी. आई म्हणाली, आधी पोलिसांत दे."

जयमालानं ओठ दाबून धरले, तरी हसू निसटलंच. "बॉम्ब नाही हो! मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड आहेत. यावर आपण प्रोग्राम लिहायचा, की वायफायवरून हा घरातले दिवे, पंखे, पाण्याची मोटार... जे सांगाल ते चालवतो."

"जे सांगाल ते?"

"माणसांपेक्षा बरं ऐकतो."

आता तिनं वर पाहिलं. सावळा चेहरा, शर्टाच्या बाहीवर खडूची पांढरी पूड, आणि डोळ्यांत मिश्किल हसू. तो शाळेत इंग्रजी शिकवायचा, नाव नोहा. जायला वळला, आणि पुन्हा थांबला.

"एक विचारू? ऐकूच येत नाही अशा माणसासाठी... यातलं काही बनेल?"

जयमाला मूळची तिसगावची. डिप्लोमा झाल्यावर चार वर्षं एमआयडीसीत नोकरी करून तिनं केडगावात स्वतःचं छोटं दुकान थाटलं होतं. समोर मोबाईल दुरुस्ती, मागच्या टेबलावर तिचा खरा जीव. कुणाला अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा हवा असे, कुणाला घरबसल्या शेतातली मोटार बंद करायची असे. पण हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता.

"घर बघावं लागेल," ती म्हणाली.

नोहाची आई मार्थाबाई. पस्तीस वर्षं नर्स म्हणून राबलेल्या. दोन वर्षांपूर्वीच्या आजारात कान गेले. कानाच्या मशीनमधून नुसता गुणगुणाट यायचा. जयमालाला पाहताच त्या मोठ्यानं म्हणाल्या, "ही पोरगी वायरमन आहे?"

"वायरवुमन म्हण," नोहानं पाटीवर लिहून दाखवलं. मार्थाबाई खळखळून हसल्या, आणि काम सुरू झालं.

दारावरचं बटण दाबलं की घरातल्या तिन्ही खोल्यांत निळा दिवा लागणार होता. कुकरची शिट्टी झाली की पिवळा लुकलुकणार होता. निळा पहिल्याच दिवशी जमला. पिवळ्यानं मात्र घाम काढला. गल्लीतून भंगारवाला भोंगा वाजवत गेला, तो बोर्डाला शिट्टी वाटला. मार्थाबाईंनी तीनदा गॅस बंद केला, आणि दुपारी सगळ्यांनी कच्चा भात खाल्ला.

"शाळेत अशा मुलाला मी बाकावर उभं करतो," नोहा बोर्डाकडे बघत म्हणाला.

"तुम्ही शिकवत नाही नीट, मग उभं केलंत तर काय उपयोग? त्याला कुकरचा आवाज ओळखायला शिकवायचंय. चला, कुकरजवळ उभे राहा... शिट्टी झाली की हात वर करा."

कुकरपुढे हात वर करून उभा राहिलेला तो इंग्रजीचा शिक्षक पाहून जयमालाला काय वाटलं, ते तिनं तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही. पुढच्या रविवारी तो वायरींना डाक देणं, म्हणजे सोल्डरिंग, शिकायला बसला, आणि लगेच बोट भाजून घेतलं. तिनं त्याचा हात धरून नळाखाली नेला. पाणी थंडगार होतं, डिसेंबरचं. बोटाची आग केव्हाच थांबली होती; हात मात्र तसाच राहिला.

"आता बरं वाटतंय?" तिनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "अजून थोडा वेळ..."

एका सकाळी शेजारच्या भागूबाईंनी बटण दाबलं. निळा दिवा लागला. मार्थाबाई उठल्या, पदर सारखा केला आणि त्यांनी दार उघडलं. मग तिथंच उभ्या राहून त्या रडायला लागल्या. "दोन वर्षं लोक माझ्या घरात दार ढकलून येतात," त्या म्हणाल्या. "आज मी दार उघडलं."

त्याच आठवड्यात नोहाला पुण्याच्या एका शाळेचं पत्र आलं. पगार दीडपट. आई एकटी नीट राहिली तर तो जाऊ शकत होता. नाहीतर तिला हे घर सोडून त्याच्याबरोबर जावं लागणार होतं, आणि ते तिला मरणाहूनही नकोसं होतं. जयमाला ऐकून एवढंच म्हणाली, "दिवे नीट चालतील. तुम्ही जा निर्धास्त." आणि उगाच एक स्क्रू तीनदा घट्ट केला.

जानेवारीत तो प्रकार घडला. नोहा शाळेतून आला तर घरात धूर. कुकरचं बूड जळून काळंठिक्कर, मार्थाबाई आतल्या खोलीत गाढ झोपलेल्या. पिवळा दिवा लागलाच नव्हता. तो तसाच दुकानात गेला आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "तुमच्या खेळण्यावर मी आईचा जीव सोपवला!"

जयमालाचा चेहरा पडला. "उद्या येऊन बघते," एवढंच ती बोलली.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत असताना ती आली. बोर्ड, वायरी, सगळं जागच्या जागी होतं. तिच्या मोबाईलवरच्या नोंदीत बोर्डाचा शेवटचा निरोप आदल्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांचा होता. ज्या सॉकेटमध्ये बोर्डाची पिन असायची, तिथं आता एक मोबाईल चार्जर होता. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. बोर्डाला वेगळी बॅटरी जोडली, वीज गेली तर लाल दिवा लागेल असा प्रोग्राम घातला, चार्जर शेजारच्या सॉकेटला लावला आणि बोर्डाच्या पिनेवर चिठ्ठी चिकटवली: "काढू नये."

संध्याकाळी ती चिठ्ठी आणि शेजारचा चार्जर पाहून नोहाला सगळं कळलं. शाळेच्या घाईत पिन त्यानंच उपसली होती.

तो दुकानात पोचला तेव्हा ती एकटीच टेबलाशी होती.

"चार्जर माझा होता."

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"बंद पडल्यावर बोर्डानं कळवायला हवं होतं. ते मी केलं नव्हतं. निम्मी चूक माझी."

"आणि मी चारचौघांत बोललो, ते?"

"ते पूर्ण तुमचं."

त्यानं मान खाली घातली. "चुकलो मी. उद्या भर दुकानात माफी मागतो, गिऱ्हाइकं असताना." मग जरा थांबून, "पुण्याला नाही म्हणून कळवलं."

"आईंसाठी?"

"आई तर म्हणते, तू खुशाल जा. पण... इथून दुरुस्तीला तुम्हाला बोलावणं सोपं पडतं."

"आणि दुरुस्ती संपली की?"

"नाही संपली तरी चालेल मला."

"सरळ बोला, सर. असं आडून बोललेलं बोर्डालाही कळत नाही."

त्यानं एक खोल श्वास घेतला. "तू मला आवडतेस, जयमाला. फार."

तिनं सोल्डरिंग गन बंद केली. तिचे कान तापले होते. "तूही मला," ती हळूच म्हणाली. "कुकरपुढे हात वर केलास तेव्हापासून. पण दुकान मी सोडणार नाही. आणि दादांना, माझ्या वडलांना, विचारावं लागेल."

"विचारू. आडनाव तर बदलायला नकोच!"

रविवारी मार्थाबाईंसह तिघं तिसगावला गेली. जयमालाचे वडील सहादू बाजेवर बसून सगळं ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "आमी बुद्धाला मानतो, तुमी येशूला. लगीन कसं लावनार?"

"रजिस्टर पद्धतीनं," नोहा म्हणाला.

"ते झालं. पन फुडं?"

मार्थाबाई एकेकाचा चेहरा निरखत होत्या. मग जयमालाच्या आईचा, कलाबाईंचा, हात हातात घेऊन म्हणाल्या, "बाई, मला ऐकू येत नाही, म्हणून माझंच सांगून टाकते. तुमची लेक माझ्या घरी आली तर तिचा बुद्धही येईल. माझ्या भिंतीवर जागा आहे."

कलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. सहादूंनी घसा खाकरला. "कले, ताटं वाढ. पोरं उपाशी हायती."

ज्वारीच्या गरम भाकरी, हुलग्याच्या पिठाच्या रसदार शेंगोळ्या, आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. दोन घास झाले आणि नोहाचे डोळे भरून आले.

"रडतोस?" जयमाला कुजबुजली.

"आनंदाचं पाणी आहे."

"खोटं. ठेच्याचं आहे."

"दोन्हीचं," तो नाक पुसत म्हणाला, आणि तिनं हसत आपल्या ताटातला ताकाचा पेला त्याच्यापुढे सरकवला.