लक्षात ठेव

ही खरी गोष्ट आहे. शेवटचं तेवढं सोडलं तर मी स्वतः यातलं काही पाहिलेलं नाही. पण जिच्या बाबतीत घडलं, ती ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, आणि तिला साधी रजेसाठीची थापसुद्धा धड मारता येत नाही.

रविवार होता. भर दुपार. बाहेर लख्ख ऊन.

आम्ही तिला मावशीच म्हणतो, कारण तिच्या तोंडी सदानकदा भाचीचं कौतुक. भाची पहिलीत आहे. पेन्सिलीची टोकं, बटणं, खडे, दिसेल ते खिशात कोंबते, म्हणून घरात तिला खार म्हणतात.

खार बालवाडीत जायला लागली आणि तिची आई गेली. मावशीची सख्खी ताई.

ताईने लग्नाआधी लहान मुलांच्या एका वेबसाइटसाठी धडे बोलून दिले होते. पडद्यावर घराचं चित्र यायचं. ताई विचारायची, "दार कुठे आहे, सांग बरं?" मुलाने दारावर क्लिक केलं की दार करकरत उघडायचं आणि ताई म्हणायची, "शाब्बास." चुकलं तर, "अंहं, पुन्हा बघ."

हे सगळं एकट्या ब्राउझरला जमत नसे. चित्र हलवायला, आवाज लावायला, क्लिकला उत्तर द्यायला त्याला एक जोडतुकडा लागायचा. प्लग-इन. पुढे ब्राउझरवाल्यांनी प्लग-इन घ्यायचंच बंद केलं. धडा उघडला की नुसता राखाडी चौकोन दिसू लागला.

असे बंद पडलेले धडे नव्या पद्धतीत आणणं हेच मावशीचं काम. ताईच्या धड्यांना मात्र ती हात लावत नव्हती. तिच्याच्याने होत नव्हतं.

पण एकदा तिच्या मांडीवर डोकं ठेवून खार म्हणाली, "मावशी, आई कशी बोलायची ते मला आठवतच नाही गं."

ताईचा फोन बिघडला तेव्हा त्यातलं सगळं गेलं होतं. आवाज उरला होता तो या धड्यांत.

म्हणून त्या रविवारी ती जुना लॅपटॉप घेऊन खारच्या घरी, भावजींकडे गेली. भावजी कामावर होते. तिने बाहेरच्या दाराला कडी लावली, लॅपटॉपवर जुना ब्राउझर आणि प्लग-इन टाकलं. धडे ऑफिसातून उतरवून आणले होते, म्हणून नेट जोडलंच नाही.

"दार कुठे आहे, सांग बरं?"

खार हललीच नाही. मग तिने मुद्दाम खिडकीवर क्लिक केलं.

"अंहं, पुन्हा बघ."

पुन्हा खिडकी. पुन्हा अंहं. पोरगी खुदुखुदु हसत होती आणि मावशी पदर नसताना पदराने डोळे पुसायला बघत होती.

तेवढ्यात पडद्यावर एक छोटी चौकट आली...

'मायक्रोफोन वापरण्याची परवानगी द्याल का?' खाली 'हो' आणि 'नको'. त्याखाली टिक करायला 'लक्षात ठेवा'.

मावशी चमकली. या धड्यांत मुलांनी फक्त क्लिक करायचं असतं. बोलायचं कुठेच नसतं. मग मायक्रोफोन कशाला?

तिने 'नको' दाबलं.

चौकट गेली... आणि परत आली.

नको. परत आली.

जुनं सामान आहे, बिघडलं असेल, असं म्हणून तिने ताईच्या आवाजाच्या फायली काढून घेतल्या, सगळ्या ऐकून पाहिल्या आणि प्लग-इन काढून टाकलं. पडद्यावर राखाडी चौकोन उरला. मग ती चहा टाकायला आत गेली.

आधण उकळत होतं...

"दार कुठे आहे, सांग बरं?"

मावशीचे हात थांबले. फायली वाजवत असेल खार. तिने गॅस बारीक केला.

"खार... दार कुठे आहे, बाळा?"

ते धडे बोलले गेले तेव्हा खार जन्मालाही आली नव्हती.

ती धावत बाहेर आली. पडद्यावर राखाडी चौकोन. समोर खार, हनुवटी टेकून बसलेली.

"तू काय दाबलंस?"

"तू सारखं नको म्हणत होतीस ना, म्हणून आईला ऐकू येत नव्हतं. तू आत गेल्यावर ते परत आलं, तेव्हा मी हो दाबलं. आणि खाली लिहिलं होतं ना, लक्षात ठेव, तिथे टिकपण केली."

"लक्षात ठेवा असेल, राणी."

"मला वाचता येतं, मावशी. लक्षात ठेव."

प्लग-इनच्या अशा चौकटींचा मराठी मजकूर मावशीनेच एकदा तपासला होता. त्यात कुठेही, कुणालाही, अरे-तुरे नव्हतं.

"मग आईने दार विचारलं," खार म्हणाली. "चित्रच नव्हतं, म्हणून मी आपलं दाखवलं."

तिने बोट उचललं...

बाहेरच्या दाराची कडी निघालेली होती. दार वीतभर उघडं होतं.

"शाब्बास," कुणीतरी म्हणालं. लॅपटॉपमधून नाही.

तो लॅपटॉप आता बॅटरी काढून कपाटात आहे. काढलेल्या फायली खार ऐकत नाही. "त्यात आई तेच तेच बोलते," म्हणते. पण तिला आता आईचा आवाज विचारलात तर हुबेहूब काढून दाखवते. भावजी रोज झोपताना कडी लावतात आणि उठल्यावर वीतभर उघडं दार लोटून घेतात.

परवा मावशीचा फोन टेबलावर उजळला. वाकून मीही वाचलं.

'मायक्रोफोन वापरण्याची परवानगी देशील का?'

"अगं, 'नको' दाब ना," मी म्हटलं.

"सख्ख्या बहिणीला नको कसं म्हणू?" मावशी म्हणाली. "आणि खार त्या घरात झोपते रे. हो तरी कसं म्हणू?"

तिने फोन उलटा ठेवला. तो अजून तसाच आहे. आणि हल्ली त्या टेबलाजवळ मी हळू बोलतो.