अविधवा नवमीचं पान

जर्मनीतला आमचा हा विमानतळ म्हणजे फार काही नाही. उन्हाळ्यात मायोर्का बेटावर सुट्टीला जाणारी एक-दोन विमानं, एरवी मालवाहू, आणि कँटीनमध्ये आठवडाभर तेच बटाट्याचं सूप. धावपट्टीचे दिवे सांभाळणं हे माझं काम. बर्लिनमधले मित्र चिडवतात, "राजस, तुझ्याकडे प्रवाशांपेक्षा कावळे जास्त." खोटं नाही ते. कावळे इंजिनात जाऊ नयेत म्हणून आमच्याकडे एक माणूसच नेमलेला आहे. लिंडनर त्यांचं नाव; दिवसभर गाडीतून फिरून पक्षी हाकलत असतात.

आई गेली तेव्हा पुण्यात दहाव्याला कावळा शिवला नाही. बाबांनी हात जोडून काय काय कबूल केलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. माझ्यापुरता विषय संपला; कावळा हा पक्षी आहे, भूक असली की खातो. बाबांचा संपला नाही. "तिचं काहीतरी राहिलंय रे," एवढंच वर्षभर म्हणत राहिले आणि वाळत गेले. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांचा सदरा आणखी सैल दिसायचा, आणि मला इथे बसून नुसतं बघायचं असायचं.

यंदा अविधवा नवमीला, म्हणजे नवऱ्याआधी गेलेल्या बायकांच्या तिथीला, त्यांनी हट्टच धरला. "माझ्या हातून होत नाही. तू वाढ पान. तुझं ऐकेल ती." कावळा शिवेपर्यंत ते तिकडे पाण्याशिवाय काही घेणार नव्हते. त्यांना मधुमेह आहे, उपाशी राहणं धोक्याचं, पण हे त्यांना कोण सांगणार?

माझ्या बाल्कनीत पक्ष्यांना घालायला बंदी. इमारतीच्या नियमावलीतच, हाउसऑर्डनुंगमध्ये, तसं लिहिलंय. विमानतळाच्या आत तर अन्नाचा कण सांडायची सोय नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन पूर्वेच्या टोकाला, कुंपणाबाहेर गेलो. तिथे बर्चच्या झाडांत एक जुना काँक्रीटचा चौथरा आहे. शेजारच्या नांगरलेल्या शेतात कावळेच कावळे. म्हटलं, झालं काम. केळीचं पान कुठलं मिळायला. कागदी ताटलीत भात, वरण, खीर, वडे, आमसुलाची चटणी वाढली. बाबांना दिसावं म्हणून व्हिडिओ कॉल लावून फोन कुंपणाच्या तारेत अडकवला, कॅमेरा चौथऱ्याकडे करून.

एकही कावळा हलला नाही. सगळे शेतातूनच बघत होते.

कुंपणाच्या आतून लिंडनरांची गाडी आली. त्यांनी काच खाली केली. "हे काय मांडलंय?"

मी सांगितलं. जर्मनमध्ये सांगताना माझं मलाच कसंतरी वाटलं. ते हसले नाहीत.

"कुंपणाबाहेर आहे, माझी हरकत नाही. पण या टोकाला मला कधी कामच पडत नाही. शेतात बसतात, पण इथे पक्षी उतरत नाहीत."

"का?"

"दुसऱ्या महायुद्धात ही धावपट्टी कैद्यांनी ओतली. कुठून कुठून आणलेले. हा त्यांच्या बराकीचा चौथरा. खायला जवळजवळ काही द्यायचे नाहीत, मग काय..." ते ताटलीकडे बघत राहिले. "मेलेले कुठे पुरले, तेही कुणी विचारलं नाही."

त्यांनी काच वर केली आणि ते गेले.

पान उचलून दुसरीकडे न्यावं असं मनात आलं. पण मांडलेलं पान हलवायचं नसतं. त्यात बाबांचा आवाज खोल गेलेला.

"हात जोड, राजस. म्हण, राहिलं असेल ते आम्ही करू."

मी हात जोडले. "जे राहिलं असेल ते मी करीन," मोठ्यानं म्हणालो. "ये. पोटभर जेव."

आधी नाव आणि गोत्र घ्यायचं असतं. सांगायला गुरुजी नव्हते आणि मला सुचलं नाही.

वारा पडला. शेतातले कावळे एकदम उठले आणि आवाज न करता पलीकडे निघून गेले.

रिवाजाप्रमाणे मी पाठ फिरवून चार पावलं लांब गेलो.

"आले!" फोनमधून बाबा ओरडले. ते रडत होते की हसत होते, कळेना. "अरे, केवढे आलेत!"

मी वळलो. चौथरा मोकळा होता. ताटलीत एक शीत शिल्लक नव्हतं.

"बाबा, किती कावळे होते?"

"कावळे कुठले? माणसं आहेत. ओळीनं बसलीत. किती वाळलीत रे बिचारी. नाव घेतलंस ना तिचं?"

मी फोनजवळ गेलो. पडद्यावर बाबांचा चेहरा, आणि कोपऱ्यात माझ्याच कॅमेऱ्याचं छोटं चित्र. काँक्रीट, ऊन, रिकामी ताटली.

"असू दे," बाबा हळूच म्हणाले. "आलीये ती. पदर खोचून वाढतेय."

"मग झालं ना, बाबा. आता तुम्ही जेवून घ्या."

"तिला म्हणतोय बस, तर ऐकत नाही." ते कान देऊन ऐकत राहिले. "यांचं झालं की बसते म्हणते."

"किती जण राहिलेत?"

बाबांनी चष्मा सारखा केला. बराच वेळ बघितलं.

"ओळीचं टोक दिसत नाही रे."

"बाबा, तुम्ही जेवा. माझं ऐका."

"तिच्याआधी कसा जेवू?" ते म्हणाले, आणि समोरचं ताट त्यांनी बाजूला सारलं.