रिकामा कंस

लिफ्टचं दार मिटता मिटता एक हात मध्ये आला आणि मागोमाग मास्तर आत शिरला. मास्तर म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरचा प्रोग्रामर. नवी प्रोग्रामिंगची भाषा तिला त्यानंच शिकवली, म्हणून हे नाव तिनंच ठेवलेलं. नेमका आत्ताच हा लिफ्टमध्ये भेटायचा होता.

"साडेअकरा झाले," तो मजल्यांच्या आकड्यांकडे बघत म्हणाला.

"हो. बदलीचा होकार अकरालाच गेला असेल. हातानं पाठवायचा धीर होईना, म्हणून प्रोग्रामवर सोपवलं."

दुसरं शहर, मोठं पद... आणि शेजारी हा नाही. सहा महिने वाट पाहिली, पण या गृहस्थाच्या तोंडून 'जाऊ नकोस' एवढं निघेल तर शपथ. तिला रडू यायचंच काय ते बाकी होतं.

"गेला नाही," तो म्हणाला. "ये, दाखवतो."

टेबलाशी येताच तिच्या स्क्रीनवरच्या शेवटच्या ओळीवर त्यानं बोट ठेवलं. होकार पाठवणाऱ्या फंक्शनला, म्हणजे प्रोग्रामच्या त्या तुकड्याला, कसलीच माहिती पुरवायची नव्हती, म्हणून तिनं नुसतं फंक्शनचं नाव लिहून सोडून दिलं होतं. पण या भाषेत नुसत्या नावानं फंक्शन जागचं हलत नाही. द्यायला काही नसलं, तरी पुढे रिकामा कंस जोडावाच लागतो. इशाऱ्याची पिवळी ओळ आली होती, तिकडे तिनं कानाडोळा केला होता.

तिचा जीव भांड्यात पडला. खुर्चीत बसून ती हसतच सुटली... आणि मग एकदम थांबली.

"काल हे तुला तपासायला दिलं होतं मी. एरवी माझा स्वल्पविरामसुद्धा सोडत नाहीस तू."

"दिसलं होतं." त्याचे कान लाल झाले. "सकाळपासून सांगायला उठतोय, पण... चुकलंच माझं. मुदत पाचपर्यंत आहे, कंस तू घालू शकतेस. फक्त — जाऊ नकोस. मला तू आवडतेस."

"आणि मोठं पद?"

"ते इथेच माग. तुझ्याइतकं काम करतं कोण इथे?"

तिनं ती अख्खी ओळ पुसून टाकली. मग साहेबांना नकाराचं पत्र लिहिलं, इथेच बढती हवी असंही त्यात घातलं, आणि बटण स्वतःच्या बोटानं दाबलं. कित्येक दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

शेजारची खुर्ची तिनं जवळ ओढली.

"बस मास्तर. आता ते आवडतेस वगैरे — सावकाश, पहिल्यापासून सांग."