नमुन्याचं पोतं

"फौजदारसाहेब, पोतं बदललंय! असाल तसे या!"

फोनवर बाईंचा आवाज कापत होता. कॉफी पिकवणाऱ्यांच्या संस्थेच्या या अध्यक्षबाईंना सगळा डोंगर मावशी म्हणायचा. डोंगरावरच्या कॉफीला स्वतःचं नाव, ठरल्या हद्दीबाहेर कुणाला वापरता येणार नाही असं सरकारमान्य नाव मिळावं म्हणून त्यांनी सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले होते. आज दुपारी परीक्षक येणार होते. नमुना नापास झाला, की नाव हुकलं.

फौजदार पक्के चहाबाज. कॉफीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. ते पोचले तेव्हा गोदामाचं कुलूप शाबूत, नमुन्याचं पोतं जागेवर. मग चोरी कसली?

"वास घ्या," मावशी म्हणाल्या. "मातीचा येतोय. आमची कॉफी कमरेएवढ्या उंच जाळीवर वाळते. तिला माती लागेल कुठून?"

"किल्ल्या कोणाकडे?"

"माझ्याकडे, गोदामवाल्याकडे आणि भाऊजींकडे."

गोदामवाल्याला दरदरून घाम फुटला होता. मावशींचे दीर मात्र शांत होते.

"काल कुठे होतात?" फौजदारांनी त्यांना विचारलं.

"खाली, माझ्या नव्या जमिनीवर."

"तिथे काय लावलंय?"

"कॉफीच. पण ती पडली हद्दीबाहेर. नाव डोंगरालाच मिळणार ना!" ते कसनुसे हसले.

फौजदारांनी पोतं जमिनीवर रिकामं करायला लावलं. "बिया दमट वाटतात. दोघांनी जरा परतून द्या."

गोदामवाला उकिडवा बसून हातांनी बिया उलटू लागला. दिरांनी चपला काढल्या आणि पाय घासत, बियांत सरळ चर पाडत ते चालू लागले.

मावशींनी तोंडावर हात ठेवला.

"थांबा," फौजदार म्हणाले. "जाळीवर कोणी पाय देत नाही, देईल तो फाडून खाली येईल. पायांनी परततो तो जमिनीवर वाळवणारा. या बिया तुमच्या खळ्यावरच्या. आपल्या किल्लीने कुलूप उघडलंत आणि बिया बदलल्यात."

दिरांचे पाय बियांतच थिजले. "वहिनी, तुमचं वाईट नव्हतं करायचं. माझी कॉफी पास झाली असती, मग ती कुणाची ते मी सांगितलं असतं. हद्द खाली ओढावीच लागली असती."

"आणि नापास झाली असती तर?" मावशींनी विचारलं.



"खरा माल कुठाय?" फौजदारांनी दरडावलं.

"जीपमध्ये. फेकवला नाही."

मावशींचे डोळे भरले, पण आवाज आता कापत नव्हता. "तुमची कॉफी चांगली असेलही. तिच्यासाठी वेगळं नाव मागा, मी सोबत येईन. पण या नावाचं काम तुमच्या दादांनी जाताना माझ्या पदरात टाकलंय."

खालच्या वळणावर परीक्षकांच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"चपला घाला, भाऊजी," मावशी म्हणाल्या, "आणि पोतं स्वतःच्या खांद्यावरून आणा."