घरच्यांचं आमेन

मिशनच्या ऑफिसात त्यांना कुणी खऱ्या नावानं हाक मारत नसे. सगळे म्हणायचे पाचमिनिटे. कुठल्याही दारात उभे राहून ते "पाचच मिनिटं बसतो" म्हणायचे आणि दोन तासांनी उठायचे, म्हणून. गावोगाव हिंडून घरोघरी प्रार्थना करायची हेच त्यांचं काम, आणि या कामात माणूस भिडस्त असला की झालंच कल्याण. ताटात पडेल ते खायचं. दाखवतील त्या खाटेवर झोपायचं, आणि ती ज्या पोराची असेल त्याचे रागीट डोळे सकाळी मुकाट सोसायचे. नाव आठवलं नाही तर मावशी म्हणून वेळ मारून न्यायची. तीस वर्षांत त्यांच्या सतरा छत्र्या लोकांच्या घरी राहिल्या होत्या. बायको तर त्यांना त्यांच्याच घरात पाहुणे म्हणायची.

त्या दिवशी मात्र त्यांचं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं. दुसऱ्या दिवशी लेकीचं लग्न होतं. तिचं शाळेतलं बक्षीस, तिचा टायफॉइड, तिचा पहिला पगार, सगळं त्यांना फोनवरच कळलं होतं. आदल्या रात्री ती म्हणाली होती, "बाबा, या वेळी नाही आलात तर पुन्हा कधी बोलावणार नाही." हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. काहीही झालं तरी साडेचारची बस गाठायची, असा त्यांनी निश्चय केला होता.

यादीतलं शेवटचं घर रस्त्याच्या टोकाला होतं. साडेतीनचं लख्ख ऊन. दार एका आजींनी उघडलं, आत आजोबा बसले होते. खोली लांबट, आणि भिंतींना लागून लाकडी खुर्च्याच खुर्च्या.

"एवढ्या खुर्च्या?" पाचमिनिटे बसता बसता म्हणाले.

"येतात कुणी कुणी," आजी म्हणाल्या.

चहा झाला, दुखणीखुपणी बोलून झाली. चार वाजले तसे ते सावरून बसले. "चला, प्रार्थना करतो आणि निघतो. कुणासाठी करू?"

"माझ्या गुडघ्यांसाठी," आजोबा म्हणाले. "आणि हिच्या डोळ्यांसाठी."

त्यांनी एका हातात आजींचा हात घेतला, दुसऱ्यात आजोबांचा, आणि डोळे मिटले. हे काम त्यांना शिकवणाऱ्या म्हाताऱ्या पाळकांनी एक नियम घालून दिला होता. घरच्यांनी आमेन म्हटल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत. प्रार्थनेत लोकांना रडू येतं, आणि परक्या माणसानं ते बघू नये. तीस वर्षांत त्यांनी तो कधी मोडला नव्हता.

त्यांनी गुडघ्यांसाठी मागितलं, डोळ्यांसाठी मागितलं. "...येशूच्या नावानं मागतो. आमेन."

खोलीत कुणीच आमेन म्हटलं नाही.

"आणखी एक..." आजी हळूच म्हणाल्या. "माझ्या थोरल्या जाऊबाईंसाठी."

म्हटलं, असू दे. त्यांनी जाऊबाईंसाठी प्रार्थना केली. पुन्हा आमेन नाहीच. मग डावीकडून एक पुरुषाचा आवाज आला, "माझ्यासाठीपण करा. छातीत दुखतं."

शेजारी आला असेल, त्यांनी मनाची समजूत घातली. पण दार वाजलं नव्हतं. त्यांनी छातीसाठी मागितलं, तेवढ्यात उजवीकडची खुर्ची करकरली. मग तिच्या पलीकडची. ओले कपडे घडी करून कपाटात ठेवावेत तसा वास खोलीभर पसरत चालला होता. एक बाई सुनेसाठी मागत होती, दुसरी हरवलेल्या मुलासाठी. नाही म्हणायला त्यांची जीभ कधी वळलीच नव्हती, ती आता कुठली वळायला? त्यांच्या हातांवर आता आणखी हात होते, गार, एकावर एक. मोजायचं धाडस त्यांना झालं नाही.

बाहेर बसचा हॉर्न वाजला आणि लांब गेला.

"मंडळी... मला निघायला हवं. लेकीचं लग्न आहे हो माझ्या. आमेन म्हणा ना..."

"आमेन म्हटलं की पाहुणे जातात," आजोबा अगदी मायेनं म्हणाले. "मागच्या पाहुण्यांच्या वेळी चुकून म्हणून बसलो. परत कुणी फिरकलंच नाही."

गेला नियम खड्ड्यात. डोळे उघडून धावत सुटायचं, त्यांनी ठरवलं. तोच मागून कुणीतरी त्यांच्या डोळ्यांवर दोन्ही तळहात ठेवले.

"उघडू नका," आजी म्हणाल्या. "सगळे रडतायत."

नंतर किती जणांसाठी मागून झालं, देव जाणे. घसा कोरडा पडला, पाठ मोडून आली. आणि एकदा खरंच दार उघडल्याचा आवाज आला. उंबऱ्यात पावलं थांबली.

"बाबांच्या यादीतलं शेवटचं घर हेच," एक बाई कुणाला तरी सांगत होती. "लग्नाच्या दिवशी दुपारपर्यंत वाट बघितली आम्ही. मग रागावले मी... पंधरा वर्षं रागावलेच होते. बघ, नुसतं ओस पडलंय घर."

आवाज जाडावला होता, पण बापाला काय ओळखू येत नाही? "बाळा" म्हणून ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, पण जिभेला एकच सवय होती. "हे दयाळू पित्या," ते म्हणाले, "हिच्या बापाला घरी पोचव..." इतकं जीव तोडून त्यांनी आयुष्यात काही मागितलं नव्हतं.

"आई," दारातून एक लहान मुलगी म्हणाली, "ते आजोबा आपल्यासाठी प्रार्थना करतायत. मी आमेन म्हणू?"

खोलीतला एकूण एक श्वास थांबला.

म्हण, पोरी, म्हण. ते मनातल्या मनात विनवत होते.

"कोण आजोबा? काहीतरीच बोलू नकोस. चल." लेकीचा आवाज भरून आला होता. दार लागलं. पायऱ्या उतरणारी पावलं त्यांनी कान देऊन ऐकली, मोठी दोन आणि त्यांच्यामागून छोटी दोन. फाटक वाजलं. मग गाडी सुरू झाली आणि निघून गेली. गेल्या, सुटल्या, त्यांना वाटलं. ते रडायला लागले.

दार पुन्हा वाजलं नव्हतं, तरी त्यांच्या शेजारची खुर्ची जराशी हलली. त्या गार हातांच्या ढिगात एक इवलासा, ऊबदार हात शिरला आणि त्यांचं बोट धरून बसला.

"रडू नका ना, आजोबा," ती म्हणाली. "मी नाही म्हणणार आमेन."